एक झाकण जास्त

३ तारीख, मंगळवार

मोठं मशीन आज गेलं. मशीन म्हणजे झाडं कापायची चेनसॉ. आमच्याकडे दोन आहेत. छोटीला बायको नेलकटर म्हणते, कारण फांद्यांपलीकडे ती काही कापत नाही. पोट भरतं ते मोठ्या मशीनवर.

आडव्या पडलेल्या एका खोडाचे तुकडे करणं चाललं होतं. जमिनीवरचं काम, धोका काही नाही. निम्मं खोड झालं आणि मशीनचा आवाज आधी बारीक झाला, मग रडवेला झाला, मग बंदच. बायकोने सुरू करायची दोरी ओढली तर दोरी जागची हलेना. तिने मशीन खाली ठेवलं, कानावरचं झाकण काढलं आणि म्हणाली, "अहो, तुमचं मशीन बंद पडलंय."

बायको एरवी मला अरेतुरे करते. "अहो" निघालं की समजायचं, आज आपलं काही खरं नाही. शिवाय मशीन चालू असतं तेव्हा ते "आपलं" असतं आणि बंद पडलं की "तुमचं" होतं.

इथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी वाद घालायला नको. आमच्या धंद्यात बायको झाडावर चढते आणि कापते. मी खाली दोर धरून उभा राहतो आणि उरलेल्या वेळात मशिनं दुरुस्त करतो. नवीन गिऱ्हाईक माझ्याशी झाडाबद्दल बोलतं आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागतं. तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं काम माझं. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमधून जेवढं पोचेल तेवढ्यावर आतला पिस्टन वरखाली घसरत राहतो. ऑइल कमी पडलं की तो सिलिंडरला घासतो, तापतो आणि तिथेच पकडला जातो. म्हणजे पहिला संशय माझ्यावर. पण मी मापाने ऑइल घालतो आणि वर एक झाकण जास्त घालतो. हल्ली दोन घालतो, कधी तीन. इंजिनाला उपाशी ठेवणारा माणूस मी नव्हे. तेव्हा यात माझा हात नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलेलं बरं.

"पेट्रोल भेसळीचं असणार," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली. ती इतक्या लवकर कबूल झाली की मला कसंतरीच झालं.

४ तारीख, बुधवार

इंजिन खोललं. आमचं वर्कशॉप म्हणजे घराची पुढची खोली. मधल्या भिंतीत एक खिडकी आहे, तिच्या पलीकडे स्वयंपाकघर आणि खिडकीत सासूबाई. त्या दिवसभर विणतात आणि माझ्या कामावर देखरेख करतात. मी काहीही खोललं की विचारतात, "परत लावता येईल ना?" मी लग्न करून आलो तेव्हापासून हा एकच प्रश्न आहे. उत्तराची त्यांना कधी गरज वाटली नाही.

पिस्टन बाद आहे. धूर बाहेर पडतो त्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे. नख आडवं फिरवलं तर प्रत्येक ओरखड्यात अडकतं. रिंग तिच्या खाचेत काळ्या खरपुडीने चिकटून बसलीय, टोचून टोचून हलेना. पिस्टनच्या डोक्यावर खरपुडीचा हा जाड थर. धुराच्या भोकाच्या कडेलाही तीच, आणि तिचा एक टवका तुटून पडलेला दिसतोय. काय घाण पेट्रोल विकतात लोक.

टोळ असता तर त्याने पॉलिश पेपर मारून हाच पिस्टन परत घातला असता. टोळ म्हणजे आमच्याच धंद्यातला दुसरा माणूस. तो गेला त्या वाटेला हिरवं काही उभं राहत नाही म्हणून बायकोने त्याला हे नाव ठेवलंय, आणि त्याला ते आवडलंय.

खरा प्रश्न सिलिंडरचा. त्याच्या आतल्या भिंतीला एक कडक मुलामा असतो. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम त्यावर घासून, वितळून चिकटलंय, चंदेरी पट्टे दिसतायत. पट्टे वरवरचे असले आणि खाली मुलामा शाबूत असला, तर सिलिंडर वाचला. मुलामाच सोलला असला तर भंगार. नुसतं बघून कोणाच्या बापाला सांगता यायचं नाही.

दुपारी बालवाडीच्या बाई आल्या. त्यांच्या मागच्या अंगणातलं जुनं झाड छपरावर कललंय आणि मुळाशी जमीन फुगलीय. सगळी पोरं त्यांनी पलीकडच्या एकाच खोलीत कोंबून बसवलीत. "पंधरा तारखेला रविवार आहे, शाळा रिकामी. त्या दिवशी कराल का? नंतर वारं सुटायला लागेल," बाई म्हणाल्या. हे झाड बुंध्यातून आडवं करता येणार नाही, खाली छप्पर आहे. वर चढून शेंड्याकडून तुकड्या-तुकड्याने उतरवावं लागेल. खोड भलतंच जाड, नेलकटरच्या आवाक्यातलं नाही.

बायकोने माझ्याकडे बघितलंही नाही. "करू," म्हणाली.

बाईंनी कपाखालची लाकडी चकती उचलून उलटसुलट बघितली. "किती छान आहे. कुठे मिळतात या?"

"मशीन बिघडलं की मिळतात," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या.

आमची एक पद्धत आहे. दुरुस्त केलेल्या मशीनने पहिला काप मी घ्यायचा, लाकडाची एक पातळ चकती काढायची आणि बायकोच्या हातात द्यायची. चकती दिली म्हणजे मशीन वर न्यायला हरकत नाही. कागद नाही, सही नाही. मग ती चकती स्वयंपाकघरात जाते आणि तिच्यावर चहाचे कप ठेवले जातात. घरात आता माणसांपेक्षा चकत्या जास्त आहेत.

गेल्या वर्षी पडल्यापासून बायको झाडावर चढलेली नाही. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

६ तारीख, शुक्रवार

स्पेअर पार्टवाल्याकडे गेलो. या माणसाला प्रत्येक मशीनची आणि त्याच्या मालकाची कुंडली पाठ असते आणि तो दोन्ही मोठ्याने वाचतो. पिस्टन-रिंग त्याच्याकडे होती, घेतली. सिलिंडर नाही. मागवला तर तीन आठवडे.

"जुना वाचतो का बघा आधी," तो म्हणाला. "आणि त्याच्याही आधी, पकडला कशामुळे ते बघा. कारण शोधल्याशिवाय नवा पिस्टन घालाल तर तोही त्याच वाटेने जाईल. ऑइल किती घालता?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे किती?"

"भरपूर म्हणजे भरपूर."

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनींचा खांदा कसा आहे आता?" ऑइलचा विषय चालू असताना मधेच खांदा. या माणसाचं कशातच लक्ष नसतं.

७ तारीख, शनिवार

आज सिलिंडरची परीक्षा घेतली. अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, रबरी मोजे घालून आणि सासूबाईंच्या सूचना ऐकत. फरशी धुवायचं अ‍ॅसिड काडीला कापूस गुंडाळून चंदेरी पट्ट्यांवर लावायचं. अ‍ॅल्युमिनियमवर ते फसफसतं. पुसायचं, पाण्याने धुवायचं, परत लावायचं. पट्टे विरघळून गेले की फसफस थांबली पाहिजे, कारण मुलाम्याला अ‍ॅसिड हात लावत नाही. थांबलीच नाही तर समजायचं की मुलामा गेला आणि अ‍ॅसिड आता सिलिंडरच खातंय.

हळूहळू फसफस थांबली. धुऊन, पुसून, बॅटरी लावून बघितलं. उजव्या हाताचं नख फिरवलं, मग डाव्या हाताचं, मग विश्वास बसेना म्हणून करंगळीचं. कुठे अडकत नाही. मुलामा सलग आहे. सिलिंडर उत्तम आहे. नवा पिस्टन घातला की मशीन उद्या उभं राहील.

जेवताना बायकोने विचारलं, "काय म्हणतोय सिलिंडर?"

मी म्हणालो, "गेला."

काय बोललो ते मला बोलून झाल्यावर कळलं. पण एकदा खोटं निघालं की माणूस तपशील पुरवायला लागतो. "मुलामा सोललाय. धुराच्या भोकापाशी. नवा यायला तीन आठवडे."

बायको जेवत राहिली. "म्हणजे पंधरा तारीख गेली."

"बाईंना टोळाचं नाव सांगू या," मी म्हणालो.

मी आपणहून टोळाचं नाव घेतलेलं ऐकून सासूबाईंनी विणकाम खाली ठेवलं.

८ तारीख, रविवार

लिहिणार नाही म्हणालो होतो, तरी लिहितो.

गेल्या वर्षी ती वर होती, मी खाली दोर धरून. मशीन चालू होतं. मग ते बंद झालं. त्यानंतर काहीच आवाज नाही. मग फांदी मोडल्याचा आवाज आला आणि माझ्या हातातल्या दोराला हिसका बसला. दोराने तिला धरलं, पण ती झोका घेऊन खोडावर आपटली. खांदा आणि दोन बरगड्या. डॉक्टर म्हणतात आता सगळं जुळलंय. जुळलं असणारच, माझ्याने न उघडणाऱ्या बाटल्या ती उघडते.

हिसका मला आठवत नाही. मशीन बंद झाल्यावरची ती मधली शांतता आठवते. तेव्हापासून मी एकच गोष्ट बघतो, मशीन बंद पडता कामा नये. ऑइलचं जास्तीचं झाकण तेव्हाच सुरू झालं. त्याचा इथे संबंध नाही, ओघात आलं म्हणून लिहिलं.

आमचा एक करार होता. तिने माझ्या टेबलात आणि मी तिच्या दोरात नाक खुपसायचं नाही. मी तो मोडलाय. तिचे दोर आता मी रोज तपासतो, ती आंघोळीला गेली की.

खोटं बोललो तर बोललो. झाड टोळ पाडेल. तो जाडजूड आहे, पडला तरी उसळी मारेल.

संध्याकाळी सासूबाईंनी सिलिंडर मागितला. "टाकूनच देणार ना? मग मला सुया ठेवायला द्या." बाद झालेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं? दिला. उलटा ठेवला की तो पेल्यासारखा दिसतो. आता तो खिडकीत आहे आणि त्यात विणायच्या सुया उभ्या आहेत. चांगला सिलिंडर. मला तिकडे बघवत नाही.

१० तारीख, मंगळवार

बायको आज खिडकीशी उभी राहून आईशी गप्पा मारत होती. बोलताना तिच्या हाताला काहीतरी चाळा लागतो. तिने सुया एकेक करून बाहेर काढल्या आणि सिलिंडरमध्ये बोट घालून नख गोल गोल फिरवत बसली. बराच वेळ.

"चांगला घासलायस की," ती म्हणाली.

"आईंची लोकर खराब व्हायला नको म्हणून."

"अहो, तुम्हाला किती हो काळजी सगळ्यांची."

"अहो" ऐकून मी दचकलो, पण चेहऱ्यावर राग नव्हता. कधीतरी प्रेमानेही म्हणत असेल. आपणच उगाच धसका घेतलाय.

नंतर वर्कशॉपमध्ये गेलो तर टेबलावरच्या वस्तू हललेल्या. सायलेन्सर उघडा, त्यातली जाळी गायब. पेट्रोलच्या डब्याचं झाकणही सैल होतं. सासूबाईंनी धूळ झटकली असणार. त्यांना सांगून थकलो.

११ तारीख, बुधवार

बायको सकाळी स्पेअर पार्टवाल्याकडे गेली, दुपारी आणखी कुठेतरी. शीळ घालत परत आली. मी म्हणत होतो ना, ती विसरेल. काम गेल्याचं दुःख माणूस चार दिवस धरतो आणि मग सोडून देतो. आज मला भूक चांगली लागली.

१३ तारीख, शुक्रवार

आज चहाच्या वेळेला टोळ दारात उभा. हातात त्याचं मशीन.

"वहिनी आहेत का? मशीन आणलंय. रविवारपुरतं मागितलंय त्यांनी."

"कशाला?"

"बालवाडीच्या झाडाला. तुम्हाला माहीत नाही?" त्याला इतका आनंद झाला की तो आत येऊन बसलाच. सासूबाईंनी त्याला चहा दिला, चकतीवर.

मी त्याचं मशीन हातात घेतलं. साखळी बोथट. हँडल डुगडुगतंय. आणि साखळी थांबवायचा ब्रेक, जो मशीन उसळलं तर माणसाचं तोंड वाचवतो, तो तारेने बांधून टाकलेला.

"हे काय?"

"सारखा मधे येतो तो," टोळ म्हणाला.

बायको आतून हात पुसत आली. मी विचारलं, "हे घेऊन तू वर जाणार?"

"आपलं मशीन बाद आहे ना."

"अगं, याला ब्रेक नाही!"

"नवीन सिलिंडरला तीन आठवडे आहेत. तीन आठवडे ती पोरं एका खोलीत बसणार का? आणि छपरावर झाड पडलं तर?"

तेवढ्यात सासूबाईंनी खिडकीतल्या सुया काढून घेतल्या, सिलिंडर पदराने पुसला, माझ्या बाजूला सरकवला आणि विचारलं, "परत लावता येईल ना?"

पहिल्यांदाच त्या उत्तरासाठी थांबल्या.

"येईल," मी म्हणालो.

"मंगळवारपासून माहीत आहे मला," बायको म्हणाली. "माझ्या बोटालाही नख आहे. म्हटलं आज सांगशील, उद्या सांगशील. तू मस्त जेवत होतास." तिने खिशातून सायलेन्सरची जाळी काढली. जाळी कसली, डांबराची वडी झाली होती ती. "फुंकून बघ."

फुंकली. हवा पलीकडे जाईना.

"धूर बाहेर जायला वाट नव्हती. इंजिन तापलं, खरपुडीचा टवका आत पडला, पिस्टन पकडला. पेट्रोल भेसळीचं होतं खरं, पण भेसळ घरातली होती. ऑइल जास्त झालं की त्याची खरपुडी होते. ऑइल किती घालतोस?"

"मापाने."

"आणि?"

"वर एक झाकण."

टोळ कप खाली ठेवून ऐकत होता.

"दोन," मी म्हणालो. "कधी तीन."

"कधीपासून?"

मी महिने मागे मोजत गेलो. "तू दवाखान्यातून घरी आल्यापासून."

"स्पेअर पार्टवाल्याने हेच सांगितलं," ती म्हणाली. "म्हणाला, वहिनी, ते ऑइल इंजिनात घालत नाहीयेत." मग ती खुर्चीत बसली आणि एकदम हळू बोलायला लागली. ती ओरडते तेव्हा मला बरं असतं. "मी पडले कारण फांदी वाळकी होती. मशीन मी बंद केलं होतं, जागा बदलायची होती म्हणून. मशीनमुळे पडले नाही आणि तुझ्यामुळे तर नाहीच. तू दोर धरलास म्हणून इथे बसलेय. वर्षभर स्वतःची भीती तू त्या डब्यात ओतत बसलास. एकदा मला सांगितली असतीस तर मशीन तरी वाचलं असतं."

मी ती जाळी परत एकदा फुंकून बघितली.

"आणि ऐक," ती म्हणाली. "तू खोटं बोललास त्याचं मला एवढं नाही. मीही तुझ्याशी खोटं बोलते. पण सिलिंडर चांगला असताना बाद म्हणालास. उद्या बाद असताना चांगला म्हणालास तर? तुझ्या चकतीवर मी आता कशी चढू?"

मी टोळाचं मशीन उचललं, ब्रेकची तार कापली आणि ते त्याच्या गाडीत नेऊन ठेवलं. टोळ मागून आला. म्हणाला, "माझ्यासाठी एवढं कोणी घाबरत नाही हो घरी." आणि गेला.

१४ तारीख, शनिवार

सकाळपासून कामाला लागलो. बायको स्टूल ओढून समोर बसली. करार वगैरे दोन्ही बाजूंनी संपलेलाच आहे. मी प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगत करत होतो. आधी जाळी आगीवर धरून खरपुडी जाळली, ब्रशने घासली, फुंकून तिला दाखवली. तिने स्वतः फुंकून बघितली. मग धुराच्या भोकाची कड लाकडी काडीने खरवडली, लोखंड लावलं तर मुलाम्याला चरा जाईल म्हणून. सिलिंडर परत एकदा धुतला. तिने नख फिरवलं, मी फिरवलं, सासूबाईंनीही खिडकीतून हात पुढे केला, तेव्हा त्यांनाही फिरवू दिलं.

"गुळगुळीत आहे," त्या म्हणाल्या. "मी आधीच सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही."

नवा पिस्टन बसवला, त्याच्या डोक्यावरचा बाण धुराच्या बाजूला. रिंग बोटांनी दाबून सिलिंडर वरून अलगद उतरवला. कार्ब्युरेटरमागची रबरी नळी वाकवून बघितली, कुठे चिरलेली नाही. अशी नळी चिरली की बाहेरची हवा आत शिरते आणि पिस्टन जातो. हे सगळं मी तिला सांगत होतो आणि ती मान हलवत होती. खरं म्हणजे तिला हे माझ्याइतकंच येतं.

डब्यातलं जुनं पेट्रोल बाजूला काढलं. चहासारखं काळपट होतं. वर्षभर मला ते दिसलं नाही. नवीन पेट्रोल घेतलं, ऑइल मापाने ओतलं, आणि माझा हात झाकण भरायला गेला. मी ठरवून केलं नाही, हात आपला गेला. बायको बघत होती. झाकण रिकामंच बाटलीला लावलं. लावताना आटे चुकले, परत लावलं.

दोरी ओढली. काही ओढी नुसत्याच गेल्या, मग मशीन खोकलं आणि चालू झालं. आवाज मोकळा. नवा पिस्टन लगेच ताणायचा नसतो, म्हणून एक टाकी हळूहळू, थांबत थांबत चालवली. मग अंगणातल्या ओंडक्याची चकती कापली आणि तिच्यापुढे धरली.

ती घेईना.

"तोंडाने सांग," म्हणाली.

"मशीन चांगलं आहे," मी म्हणालो. "सिलिंडर चांगला आहे. पिस्टन नवा आहे. ऑइल बरोबर आहे. तू उद्या वर जाऊ नयेस असं मला वाटतं. पण त्याला मशीनचं कारण नाही."

तिने चकती घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि खिशात टाकली.

१५ तारीख, रविवार

झाड उतरलं. एवढं लिहून थांबता आलं असतं.

बालवाडीच्या अंगणात छोट्या छोट्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. बाई फाटकाबाहेर उभ्या होत्या. टोळही आला होता, "सहज" म्हणाला. बायकोने पट्टा बांधला. दोर तिने तपासला. मी नाही. मला हात मागे बांधून उभं राहावं लागलं.

ती चढली. खालच्या फांद्या, मग मधल्या, मग शेंडा. एकेक तुकडा दुसऱ्या दोराने बांधून ती कापायची आणि मी तो छपराच्या अलीकडे हळूहळू खाली सोडायचो. मशीन एका सुरात चाललं होतं. दुपारपर्यंत नुसतं खोड उरलं. आणि मग मशीन बंद झालं.

मी वर बघितलं. उन्हाने काही दिसेना. तिचा दोर हातात होता आणि त्याला ओढ नव्हती, ढील नव्हती. मी हिसक्याची वाट बघायला लागलो. बाईंनी काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही.

"ए," वरून आवाज आला.

"काय गं?"

"मीच बंद केलंय. जागा बदलतेय."

"बरं."

"घाबरलास का?"

टोळ शेजारी होता, बाई होत्या, रस्त्यावर दोनचार माणसं थांबली होती. "हो," मी ओरडून सांगितलं. "फार घाबरलो."

मग ती म्हणाली, "मीपण. सकाळपासून." आणि थोड्या वेळाने, "दोर जरा सैल सोड, गळफास लावल्यासारखा धरलायस."

मी दोर सैल सोडला. तिने जागा बदलली आणि दोरी ओढली. मशीन पहिल्या ओढीला चालू झालं.

संध्याकाळी ती खाली उतरली. आम्ही दोघं पोरांच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो आणि मला रडू आलं. तिने मला रडू दिलं. टोळ पाठ करून फांद्या गोळा करत होता, आणि त्याने एका शब्दाने चेष्टा केली नाही. पुढेमागे करेलच. मग तिने खिशातून एक चकती काढून माझ्या हातात दिली. शेंड्याची होती, वरच कापलेली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला अगदी कागदासारखी.

"वाकडी आहे," मी म्हणालो.

"हात कापत होता," ती म्हणाली.

१६ तारीख, सोमवार

सासूबाईंनी सुया ठेवायला दुसरं काहीतरी मागितलं. जुना पिस्टन देऊन बघितला, तो फारच बुटका, सुया कलंडतात. त्या म्हणाल्या, "काही कामाचा नाही हा." बरोबर आहे, त्याचा निकाल मी इंजिन खोललं त्याच दिवशी लावला होता.

आज पेट्रोल मिसळताना बायकोला हाक मारली. ती आली, माप बघितलं, गेली. उद्याही मारणार आहे.

वाकड्या चकतीवर माझा चहाचा कप नीट बसत नाही. थोडा चहा सांडतो. घरात सरळ चकत्यांचा ढीग आहे, पण मी हीच वापरतोय.